पाचव्या मुठीच्या अक्षता

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली, की घरातल्या लेकरांना ओवाळायचे आणि जी परगावी असतील त्यांच्यासाठी चारी दिशांना अक्षता टाकायच्या, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिली असेल. आमच्या घरी कहाणी वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. आजीला अक्षरओळख नाही, आई चौथीपर्यंत शिकलेली. त्यामुळे मी तिसरीत गेले तेव्हापासून दर श्रावणात ते पिवळे पडलेले कहाण्यांचे पुस्तक माझ्या हाती येते. आजी पाटावर बसून ऐकते. कहाणी संपली, की उठून अंगणात जाते आणि चार दिशांना चार मुठी अक्षता टाकते. त्या आत्यासाठी. आत्या सोलापूरला दिलेली आहे. मग ती ओढ्याकडे तोंड करते आणि आणखी एक मूठ टाकते.

दिशा चार आणि मुठी पाच, हे गणित मला लहानपणी सुटत नसे. ओढ्यापलीकडे आमचे जुने गाव होते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट किल्लारीच्या पंचक्रोशीत कोणाला सांगावी लागत नाही; परंतु माझ्या वयाच्या वाचकांसाठी थोडे सांगते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा निजले होते. चार वाजायला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. आपल्या भागातली घरे दगडमातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर माळवदाच्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार वाटणारी ही घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे गेली, सोळा हजारांच्या आसपास जखमी झाली आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. सरळ रेषेतले रस्ते आणि एकसारखी घरे असलेले जे गाव मी माझे म्हणते, ते त्यांपैकीच एक. माझा जन्म तिथलाच.

माझे वडील त्या वेळी नऊ वर्षांचे होते. ते गणपतीच्या मांडवातच झोपून गेले म्हणून वाचले. धाकटे काका पाच वर्षांचे, ते आजीजवळ घरात होते. आजीला बाहेर काढले तेव्हा तिचा पाय मोडलेला होता आणि ती शुद्धीवर नव्हती. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेले. काकांना दुसऱ्या दिवशी काढले. त्या दिवसांत पाऊस होता, माणसे फार होती, सरपण कमी होते. एकाच चितेवर अनेकांना अग्नी द्यावा लागला. आजोबांनी काकांना पाहिले. आजीने पाहिले नाही. ती महिन्याने परत आली तेव्हा तिच्यापुढे पत्र्याचे शेड होते आणि त्यात दोनच लेकरे होती.

या एका गोष्टीने दोघांच्या दुःखात किती फरक पडला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आजोबा काकांबद्दल बोलत नसत, पण त्यांनी कधी वाटही पाहिली नाही. आजी मात्र वाट पाहत राहिली. त्यातच एक खरी बातमी येऊन पडली. मंगरूळ गावी पाचव्या दिवशी ढिगाऱ्याखालून दीड वर्षाची एक मुलगी जिवंत निघाली. आई-बापांनी तिची आशा सोडली होती. निदान तिचा देह तरी हाती लागावा, एवढेच त्यांचे मागणे होते. लष्कराच्या अधिकाऱ्याने शोधायला हात घातला आणि ढिगाऱ्याच्या पोटातून पोर जिवंत बाहेर आली. ही बातमी देशभर गाजली आणि गाजावी अशीच होती. दवाखान्यात कोणीतरी ती आजीला वाचून दाखवली. आजी म्हणते, "तिची पोर पाच दिसानं निघाली. मग माझं का न्हाई निघणार? मी म्हनलं, नीट हुडकलं नसंल."

एका घरचा चमत्कार हजार घरांच्या उंबऱ्यावर दिवा लावून जातो आणि तो दिवा विझवणे कोणाच्या हाती राहत नाही. पाय बरा झाल्यावर आजी दोन वर्षे ओढा ओलांडून जुन्या गावात जात असे. दगड उचलून पाहत असे. लोकांनी तिला वेडी ठरवले होते.

आता माझी चूक सांगते. बारावीला मी लातूरला होते. मानसशास्त्र हा विषय नव्याने शिकत होते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीला अंधश्रद्धा म्हणण्याची मला हौस आली होती. श्रावणात घरी गेले, कहाणी वाचली, आणि आजी पाचवी मूठ टाकणार तोच म्हणाले, "आजी, या अक्षता जित्या लेकरांसाठी असतात. काका आता नाहीत, तू मान्य कर ना." आजी माझ्याकडे पाहत राहिली. मग मुठीतले तांदूळ तिने ताटात परत टाकले. पुढच्या शुक्रवारी तिने चारच मुठी टाकल्या. त्या रात्री वडील मला एवढेच म्हणाले, "तुला शिकवलं ते यासाठी नव्हे." पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीला हे वाक्य किती लागते, ते ज्यांच्या घरात त्यांच्या आधी कोणी शिकलेले नाही त्यांनाच कळेल.

नांदेडला आल्यावर मी ग्रंथालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचू लागले. त्यातून जे हाती आले ते पुढे मांडते.

जॉन बोल्बी नावाचे इंग्रज मनोविकारतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी कॉलिन मरे पार्क्स यांनी शोकाच्या अवस्था सांगितल्या आहेत. पहिली बधिरपणाची. दुसरी ओढ आणि शोध यांची. नंतर मनाची घडी विस्कटते आणि शेवटी ती नव्याने बसते. मला थांबवले ते 'शोध' या शब्दाने. मूल दिसेनासे झाले, की आई शोधते, रडते, हाका मारते. आणि असे शोधल्याने एरवी मूल सापडतेही. जत्रेत हरवलेले पोर असेच सापडते. मृत्यू झाला म्हणून शरीराची ही जुनी सवय लगेच थांबत नाही. दार वाजले की कान टवकारतात, गर्दीत तोच सदरा दिसतो. आजी दगड उचलत होती ती या अवस्थेत होती, वेडी नव्हती. पुढे अमेरिकेतील पॉलिन बॉस यांनी ज्यांच्या माणसाचा देहच हाती लागला नाही, जे बेपत्ता झाले, अशा कुटुंबांचा अभ्यास केला. अशा वियोगाला कडाच नसते आणि म्हणून शोक पुढे सरकत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आजोबांनी पाहिले, आजीने पाहिले नाही, एवढ्याने काय झाले त्याचा अर्थ मला इथे लागला. घरात कोणी गेले तर बायका-मुलांना मुखदर्शन घेऊ द्यावे की नाही, यावर आपल्याकडे वाद घालतात; त्या वादात मी आता कोणत्या बाजूला आहे हे सांगायला नको.

आणखी एक. मी बारावीत आजीला 'मान्य कर' म्हणाले ते माझ्या समजुतीने शास्त्राला धरून होते. गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम, असे फ्रॉइडने १९१७ च्या निबंधात मांडले होते. परंतु १९२० साली त्याची स्वतःची मुलगी सोफी तापाच्या साथीत गेली. नऊ वर्षांनी, तिच्या जन्मदिवशी, त्याने मूल गमावलेल्या एका मित्राला पत्र लिहिले. त्यात त्याने कबूल केले आहे, की ही जागा कशानेही भरून निघत नाही आणि तसे असणेच योग्य. निबंध लिहिणारा फ्रॉइड आणि पत्र लिहिणारा बाप यांत मला बाप जास्त खरा वाटतो. १९९६ मध्ये डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर पुस्तकच लिहिले, की मूल गमावलेले आई-बाप त्या मुलाशी असलेले नाते तोडत नाहीत, ते बदलून पुढे नेतात आणि त्यात रोगट असे काही नाही.

हे वाचल्यावर मी शुक्रवारची कहाणी पुन्हा काढून वाचली. दहा वर्षे मी ती मोठ्याने वाचत होते, पण नीट वाचलीच नव्हती. राजाला मूल नसते. राणी सुइणीला फितवते. सुईण एका गरीब बाईचे नुकते जन्मलेले बाळ पळवते आणि तिच्यापुढे वरवंटा ठेवते: तुला हे झाले! म्हणजे मूल गेले हे सुद्धा त्या बाईला कोणी सांगत नाही. मूल नव्हतेच, असे सांगतात. सारे गाव एका बाजूला आणि तिचे पोट दुसऱ्या बाजूला. ती भांडत नाही. श्रावणात दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि जिथे बाळ असेल तिथे ते सुखी असो, असे म्हणून अक्षता उधळते. त्या अक्षता राजवाड्यात वाढणाऱ्या तिच्या मुलाच्या डोक्यावर जाऊन पडतात. पुढे बऱ्याच घडामोडी होतात, तो काशीला जातो, परततो, गावजेवण घालतो, तिथे तिला पान्हा फुटतो आणि ओळख पटते. शेवट गोड आहे. परंतु त्याआधी इतकी वर्षे त्या बाईजवळ कसला पुरावा होता? अक्षता टाकताना तिने 'आहेस का' असे विचारलेच नाही. 'कुठे का असेना' एवढेच म्हटले. मी आजीला जो नियम सांगितला, अक्षता जित्या लेकरांसाठी, तो कहाणीत कुठेच नाही.

जिवतीच्या कागदावर मुले खेळवणाऱ्या ज्या जरा-जिवंतिका असतात, त्यांतली जरा ही महाभारतातली राक्षसी. टाकून दिलेल्या बाळाची दोन शकले तिने सांधली, ते बाळ जिवंत झाले आणि तो जरासंध. म्हणजे आपल्या भिंतीवर आपण जिचे चित्र लावतो तिची मूळ कथाही गेलेले मूल परत मिळण्याचीच आहे. आपल्या मराठवाड्यात याहून जुनी एक आई दगडात बसलेली आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात हारीतीचे शिल्प आहे. ही यक्षी लोकांची मुले पळवून खात असे. तिची स्वतःची पाचशे होती. बुद्धाने तिचे सर्वांत धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपवले. ती जग धुंडाळून आली. पाचशेतले एक गेले तर एवढा आकांत, मग ज्यांचे एकुलते गेले त्यांचे काय, असे बुद्धाने विचारले आणि ती मुलांची राखणदार झाली. किसा गोतमीची गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल काखेत घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या आईला बुद्धाने उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आण, म्हणून घरोघर पाठवले. तिचे हिंडणे त्याने थांबवले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्रत्येक उंबऱ्यावर तिला कोणीतरी आपले सांगितले असेल. भूकंपानंतर आमच्या नव्या गावातही असेच घरोघर होते, पण आपापली दारे लावून.

आता चिलयाबद्दल. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीला, श्रियाळ षष्ठी येते. राजा श्रियाळ आणि राणी चांगुणा यांच्या घरी अतिथी येतो आणि मुलाचे मांस मागतो. शाळेतून चिलयाला आणतात. चांगुणा डोके तेवढे पाहण्यासाठी लपवून ठेवते. अतिथी ते ओळखतो. ते उखळात घालून कांड, आणि डोळ्यांत पाणी न आणता गाणे म्हणत कांड, असे सांगतो. पानावर बसल्यावर पुन्हा अडतो: निपुत्रिकाच्या घरी मी जेवत नाही, मुलाला हाक मार. चांगुणा बाहेर जाऊन हाक मारते आणि चिलया धावत येतो. श्रीधरस्वामींनी १७१८ साली लिहिलेल्या 'शिवलीलामृता'च्या चौदाव्या अध्यायात ही कथा आहे. परंतु तिचे मूळ दक्षिणेत. तमिळमध्ये बाराव्या शतकातल्या 'पेरियपुराणा'त शिरुत्तोंडर आणि त्याचा मुलगा सिराळन यांची हीच गोष्ट आहे, कन्नड आणि तेलुगूतही ती आहे. लातूर-नांदेडचा भाग कर्नाटकाला आणि तेलंगणाला लागून, लिंगायत वस्तीही मोठी. ती गोष्ट इथे रुजली यात नवल नाही.

मला या कथेचा राग येत असे. असला कसला देव, असे मी आजीला म्हटले होते. आजीला ती सारी ओवीत पाठ आहे, जाते गेले तरी भाजी निवडताना ती गुणगुणते. बुद्धिवादाने पाहिले तर कथा क्रूरच आहे आणि अजूनही मी देवाची बाजू घेणार नाही. पण गेल्या दिवाळीत मी आजीला विचारले, की तुला ही गोष्ट म्हणवते तरी कशी? आजी म्हणाली, "चिलया आला, ते खरं का खोटं मला काय ठावं? पर तिला हाक मार म्हननारं कुनीतरी हुतं, माय. मला कुनी हाक मारू दिली न्हाई. नाव काढलं की म्हनायचे, गप, पोरांम्होरं रडू नको." मी हिशेब केला. काकांचे नाव मला वयाच्या बाराव्या वर्षी, तेही एका जुन्या सरकारी कागदावरून कळले होते. घरात ते कोणी उच्चारतच नसे.

गेलेले मूल परत यावे ही इच्छा माणसे कुठे कुठे नेऊन ठेवतात, याचे दाखले आपल्या नावांतही आहेत. लागोपाठ मुले दगावलेल्या घरात पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरबा, उकंडा असली नावे ठेवत. काळाने याला टाकाऊ समजून सोडून जावे, हा हेतू. कोणी म्हणते, गेलेलाच पुन्हा पोटी आला, आणि अंगावरचा तीळ ताडून पाहतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मुले गमावलेल्या आणि आधी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची नळी पुन्हा जोडून देण्याची सोय सरकारने केली. ते चांगलेच झाले. तथापि दुसऱ्या मुलावर पहिल्याचे ओझे किती टाकायचे, हा प्रश्न उरतो. नांदेडला आल्यावर गुरुद्वाऱ्यात आणि ग्रंथालयात मला याचेच एक करुण उदाहरण भेटले. गुरू गोविंदसिंह १७०८ मध्ये इथे गोदाकाठी आले, त्याच्या तीनचार वर्षे आधी त्यांचे चारही पुत्र गेले होते, दोन चमकौरच्या लढाईत आणि दोन लहानगे सरहिंदला भिंतीत चिणले गेले. आईने मुलांबद्दल विचारले तेव्हा त्यांनी समोरच्या हजारो शिखांकडे बोट दाखवून हे सारे तुझेच पुत्र म्हटले, अशी परंपरा सांगते. एवढे मोठे मन बापाचे. पण माता सुंदरी पुढे दिल्लीत राहत असताना त्यांना एक मुलगा दिसला, तो हुबेहूब त्यांच्या अजितसिंहासारखा. त्यांनी त्याला दत्तक घेतले, नावही अजितसिंह ठेवले. तो पुढे बहकला, त्यांना त्याला दूर करावे लागले आणि १७२५ मध्ये तो मारला गेला. हजारो पुत्र असूनही त्या आईने एक चेहरा शोधलाच. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. त्या दुसऱ्या मुलाचीही मला कीव येते. तो कोणासारखा तरी दिसत होता, एवढाच त्याचा अपराध.

महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात व्यासांनी यावर एक तोड काढली आहे. युद्धाला कितीतरी वर्षे होऊन गेली आहेत, धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात आहेत आणि शोक अजून संपलेला नाही. व्यास गंगेत उतरतात आणि कुरुक्षेत्रावर पडलेल्या साऱ्यांना हाक मारतात. पाण्यातून ते सर्व उठून येतात. एक रात्र. आई-बाप मुलांना भेटतात, कुंती कर्णाला भेटते, कोणाच्या मनात वैर उरलेले नसते. पहाटे ते पाण्यात परत जातात. व्यासांनी त्यांना कायमचे आणले नाही, पण भेटीची वेळ दिली आणि ती संपण्याची वेळही दिली. दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाजवळ माणसे जमतात, तेव्हा मला ही गंगा आठवते. आजी मात्र तिथे जात नाही. तिथे मोठी माणसे येतात, ती म्हणते, आपलं आपल्या अंगणात बरं.

गेल्या श्रावणात मी नांदेडहून मुद्दाम घरी गेले. कहाणी वाचली. आजीने चार मुठी टाकल्या आणि ताट खाली ठेवायला लागली, तेव्हा मी ताटातले तांदूळ घेऊन तिच्या हातात दिले आणि काकांचे नाव घेतले. मोठ्याने. आजी दचकली. वडील ओसरीवर होते, ते उठून आत गेले. आजीने ओढ्याकडे तोंड केले.

यंदा परीक्षेमुळे मला जाता आले नाही. कहाणी मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून फोनवरून वाचली. शेवटी आजीने विचारले, "नांदेड कोनीकडं येतं गं?" मी म्हणाले, ईशान्येला, म्हणजे ओढा उतरून गेलीस की नाकासमोर. थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "म्हंजी तुमी दोघंबी एकाच अंगाला हाव की."